भट्टीपाशी कोविडचा धोका कमी, बंद खोलीत अधिक

झोतभट्टी, म्हणजे लोखंड वितळवणारी ब्लास्ट फर्नेस, मनात येईल तेव्हा विझवता येत नाही. आतले सुमारे 1,400 ते 1,500 अंश सेल्सिअस तापमानाचे द्रव लोखंड गोठले, तर भट्टीच निकामी होण्याची भीती असते. म्हणूनच 2020च्या कोविड टाळेबंदीत अखंड प्रक्रियेच्या उद्योगांना राज्य सरकारच्या परवानगीने चालू राहण्याची मुभा होती. गोव्यातील आमोण्यासारख्या कच्चे लोखंड बनवणाऱ्या गावात किंवा वास्कोच्या जहाजबांधणी धक्क्यावर घरून काम करण्याचा पर्याय बहुतेकांना नसतोच.

मात्र प्रत्यक्ष भट्टीपाशी संसर्गाचा धोका तुलनेने कमी असतो. तापलेली हवा वेगाने वर चढते, छताच्या झरोक्यांतून बाहेर पडते आणि तिची जागा बाहेरची ताजी हवा घेते, त्यामुळे श्वासातून सुटलेले सूक्ष्म कण लवकर विरतात. धोका खरा नियंत्रण कक्षात. तिथली यंत्रे थंड राहावीत म्हणून खिडक्या बंद असतात आणि साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो. प्रयोगशाळेतील बंदिस्त हवेत कोरोना विषाणूची संसर्गक्षमता निम्म्यावर यायला सुमारे एक तास लागल्याचे 2020मध्येच आढळले होते. 1948च्या कारखाना अधिनियमाने नव्या कारखान्यांत दर कामगारामागे 14.2 घनमीटर जागा ठरवली, तीही 4.2 मीटरच्या वरची उंची न मोजता. प्रचंड शेडमध्ये ही अट सहज पुरी होई, पण ती कामाच्या जागेपुरती होती. कामगारांची बस, कपडे बदलण्याची खोली आणि जिथे मास्क उतरतोच ते कँटीन यांचा हिशेब तीत होत नव्हता. जून 2020च्या आरंभी गोव्यातला पहिला प्रतिबंधित विभाग (कंटेनमेंट झोन) ठरला, तोही वास्कोतील मांगोर हिल, म्हणजे दाट वस्तीचा भाग.

गोंगाटाचा विचार या संदर्भात फारसा होत नाही, हे मला नेहमी खटकते. 85 डेसिबलच्या वर आवाज असला की माणसे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतात, आणि ओरडताना हळू बोलण्याच्या कितीतरी पट अधिक कण बाहेर पडतात. त्यातच घामाने भिजलेल्या मास्कमधून श्वास घेणे जड जाते आणि तो नाकाखाली सरकतो. अशा ठिकाणी ‘सहा फूट अंतर ठेवा’ या फलकापेक्षा वॉकीटॉकी, ठरलेल्या हातखुणा आणि दर तासाला बदलायला कोरडे मास्क यांचा उपयोग अधिक होईल.

गेटवरच्या तापमापकाने फारसे साधत नाही. तो त्वचेचे तापमान मोजतो, आणि लागण झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकतो. ऑक्सिमीटर उपयुक्त खरा, पण झोतभट्टीच्या कारखान्यात त्याच्या आकड्यावर विसंबणे घातक ठरू शकते. भट्टीच्या वायूत 20 ते 25 टक्क्यांच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याची बाधा झालेल्याचे डोके दुखते, थकवा येतो, म्हणजे लक्षणे कोविडसारखीच, आणि हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिन साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायूने भरलेलेच वाटत असल्याने आकडा 98 दिसत राहतो. अशा कामगाराला कोविडच्या संशयावरून एकट्याला खोलीत झोपवण्याआधी वायूबाधेची तपासणी झालीच पाहिजे.

या सर्वांहून अवघड प्रश्न खाड्याचा आहे. रोजंदारीवरचा कंत्राटी कामगार खाडा पडेल या धास्तीने ताप लपवतो, आणि त्यासाठी त्याला दोष देता येत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सुमारे 70 टक्के वेतन मिळण्याची तरतूद महामारीच्या काळात होती. पण ठेकेदाराने नाव नोंदवलेले असेल तरच, आणि तेही सहसा आजाराचे पहिले दोन दिवस वगळून. कोविडचा रोगी सर्वाधिक संसर्गजन्य असतो तो लक्षणे सुरू होण्याच्या आसपासच. त्यामुळे त्या दोन दिवसांचा पूर्ण पगार डॉक्टरच्या दाखल्याची अट न घालता कारखान्याने स्वतः द्यावा, आणि तो ठेकेदाराच्या माणसांनाही मिळावा.