‘परत न ठेवता’: परावलंबी घटनांच्या नियमामागचा इतिहास

संभाव्यतेच्या प्रश्नात ‘काढलेला पत्ता परत न ठेवता’ असे शब्द आले की दुसऱ्या अपूर्णांकाचा छेद एकाने कमी करायचा, हे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडलेले असते. ५२ पत्त्यांतून लागोपाठ दोन एक्के निघण्याची संभाव्यता ४/५२ × ३/५१, म्हणजे १/२२१ येते. आज सहज वाटणारा हा गुणाकार सर्वसाधारण नियम म्हणून शब्दांत मांडला जाईपर्यंत मात्र, पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या १६५४ मधील प्रसिद्ध पत्रव्यवहारानंतरही बरीच दशके गेली.

डच गणितज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५७ मध्ये द्यूतातील गणितावर एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच्या अखेरीस वाचकांसाठी पाच प्रश्न दिले. त्यांपैकी दुसऱ्या प्रश्नात ४ पांढऱ्या आणि ८ काळ्या अशा १२ सोंगट्या आहेत. तीन खेळाडू डोळे बांधून आळीपाळीने एकेक सोंगटी काढतात आणि ज्याच्या हाती प्रथम पांढरी येईल तो जिंकतो. काढलेली काळी सोंगटी परत टाकायची की बाजूला ठेवायची, हे प्रश्नात स्पष्ट केलेले नव्हते. हायगेन्स यांनी ती परत टाकली जाते असे धरले होते आणि तिघांच्या संधींचे प्रमाण ९ : ६ : ४ असे काढले होते. दुसरे डच गणितज्ञ योहान हुडे यांनी सोंगटी परत जात नाही असे मानले आणि त्यांचे उत्तर ७७ : ५३ : ३५ असे आले. १६६५ मध्ये दोघांचा यावर पत्रव्यवहार झाला. गणित कोणाचेच चुकले नव्हते. दुसऱ्या खेळाडूने आपल्या पहिल्याच खेपेस जिंकण्याची संभाव्यता पाहिली तरी फरक कोठे पडतो ते दिसते: सोंगटी परत टाकल्यास ती ८/१२ × ४/१२, म्हणजे २/९ येते, आणि न टाकल्यास ८/१२ × ४/११, म्हणजे ८/३३. याकोब बर्नुली यांच्या मरणोत्तर, १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या प्रश्नाचे तीन अर्थ लावून तिन्ही सोडवलेले आहेत; तिसऱ्या अर्थात प्रत्येक खेळाडूजवळ स्वतःच्या वेगळ्या १२ सोंगट्या असतात. परीक्षेच्या प्रश्नांतील ‘परत न ठेवता’ हा काहीसा कंटाळवाणा खुलासा किती आवश्यक आहे, हे या वादावरून पटावे.

नियमाला नेमके शब्द दिले ते अब्राहम डी मॉयव्हर यांनी. संमिश्र संख्यांच्या प्रकरणात विद्यार्थ्यांना भेटतात तेच हे डी मॉयव्हर. फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांच्या छळामुळे ते लंडनला आले आणि शिकवण्या करून उदरनिर्वाह करीत राहिले. त्यांच्या संभाव्यतेवरील इंग्रजी ग्रंथाच्या १७३८ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्वतंत्र (एकीचा दुसरीच्या शक्यतेवर परिणाम न होणाऱ्या) आणि परावलंबी (तसा परिणाम होणाऱ्या) घटनांच्या व्याख्या शेजारीशेजारी आहेत. उदाहरणही तसेच जोडीचे आहे. तेरा-तेरा पत्त्यांचे दोन ढीग (प्रत्येकात एकच एक्का आणि एकच दुर्री) असतील, तर पहिल्यातून एक्का आणि दुसऱ्यातूनही एक्का येण्याची संभाव्यता १/१३ × १/१३, म्हणजे १/१६९. पण एकाच ढिगातून आधी एक्का आणि मग दुर्री काढायची असेल, तर ती १/१३ × १/१२, म्हणजे १/१५६. पहिली घटना घडलेली आहे असे मानून दुसरीची संभाव्यता काढावी आणि तिने पहिलीच्या संभाव्यतेला गुणावे, हा नियम त्यांनी यावरून सांगितला.

थॉमस बेझ यांचा १७६३ मध्ये, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला निबंध याच नात्याकडे उलट बाजूने पाहतो: नंतरची घटना कळली असता आधीचीविषयी काय म्हणता येईल? पुढे १९३३ मध्ये आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी संभाव्यतेची स्वयंसिद्धकांवर उभारणी केली, तेव्हा क्रमच पालटला. दोन्ही घटना घडण्याच्या संभाव्यतेला पहिलीच्या, शून्य नसलेल्या, संभाव्यतेने भागून येते ती सशर्त संभाव्यता, अशी व्याख्या झाली आणि डी मॉयव्हर यांचा गुणाकार त्या व्याख्येतून आपोआप निघू लागला.

एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात हाच नंतरचा क्रम आहे: आधी सशर्त संभाव्यता, मग गुणाकाराचे प्रमेय, त्यानंतर स्वतंत्र घटना. तर्काच्या दृष्टीने तो निर्दोष आहे; मात्र व्याख्येतील भागाकार कोठून आला हे त्यातून कळत नाही, आणि त्यासाठी डी मॉयव्हर यांचे पत्त्यांचे ढीग व्याख्येच्या आधी वर्गात मांडणे अधिक सोयीचे ठरेल.