टेल्युरिअम आधी, आयोडीन नंतर : आवर्तसारणीतल्या क्रमाची पार्श्वभूमी

दहावीच्या बालभारतीच्या पुस्तकात डोबेरायनरची त्रिके, न्यूलँड्सची अष्टके, मेंडेलीव्ह आणि मग आधुनिक सारणी असा प्रवास थोडक्या पानांत उरकतो. वाचताना वाटते की अणुवस्तुमाने तयारच होती, त्यांना रांगेत लावणारा तेवढा हवा होता. खरी पंचाईत वस्तुमानांचीच होती.

तराजू फार थोडे सांगतो. ८ ग्रॅम ऑक्सिजनशी एखाद्या धातूचे किती ग्रॅम जुळतात, एवढेच. अणुवस्तुमान हवे असेल तर त्या आकड्याला संयुजेने (एक अणू किती बंध करतो त्या संख्येने) गुणावे लागते, आणि संयुजा चुकली की पुढचे सगळे चुकते. पाण्यात हायड्रोजनचा एकच अणू धरला तर ऑक्सिजन ८, दोन धरले तर १६. दोन्ही आकडे एकाच वेळी वापरात होते. सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला रसायनज्ञ जमले, तेव्हा कॅनिझारोने ॲव्होगॅड्रोच्या १८११ च्या गृहीतकाचा आधार घेऊन हा गोंधळ कसा सोडवायचा ते मांडले. मेंडेलीव्ह आणि लोथर मायर दोघेही तिथे हजर होते. सारणीची खरी सुरुवात तिथे मानावी.

त्यानंतर न्यूलँड्सने १८६५ मध्ये दर आठव्या मूलद्रव्याला गुणधर्म परततात असे मांडले. कॅल्शिअमपर्यंत ते छान जमते. पुढे मात्र रिकामी जागा न सोडण्याच्या हट्टापायी कोबाल्ट आणि निकेल एकाच चौकोनात, तेही क्लोरीनच्या कुटुंबात जाऊन बसले.

मेंडेलीव्हने १८६९ मध्ये ६३ मूलद्रव्ये मांडली. त्याच्या भाकितांचे कौतुक नेहमी होते. त्याने आकडे कसे दुरुस्त केले, ते आम्हाला अधिक शिकण्यासारखे वाटते. इंडिअम घ्या. ८ ग्रॅम ऑक्सिजनशी इंडिअमचे सुमारे ३८ ग्रॅम जुळतात. संयुजा २ धरून अणुवस्तुमान ७६ च्या आसपास येत होते, पण आर्सेनिक (७५) आणि सेलेनिअम (७९) यांच्यामध्ये धातूला जागाच नाही. संयुजा ३ धरली की ११४ येते आणि इंडिअम ॲल्युमिनिअमच्या गणात नीट बसते. बुन्सेनने विशिष्ट उष्मा मोजला तो ०.०५७. ड्युलाँग-पेटीच्या नियमाने (अणुवस्तुमान आणि विशिष्ट उष्मा यांचा गुणाकार सुमारे ६.४) ६.४ ला त्याने भागले तर ११२ येते, म्हणजे दुरुस्ती बरोबर. उलट बेरिलिअमची संयुजा ३ वरून २ केल्यावर अणुवस्तुमान १४ चे ९ झाले. मेंडेलीव्हने आधीच भाकीत केलेले गॅलिअम १८७५ मध्ये सापडले. त्याची घनता आधी ४.७ मोजली गेली, मेंडेलीव्ह ५.९ वर अडून राहिला, आणि नमुना शुद्ध केल्यावर ५.९ च निघाली.

हाच आत्मविश्वास टेल्युरिअमपाशी फसला. टेल्युरिअम १२७.६, आयोडीन १२६.९. वस्तुमानाने आयोडीन आधी यायला हवे. पण मग ते गंधक-सेलेनिअमखाली जाते आणि टेल्युरिअम क्लोरीन-ब्रोमीनखाली, जे कोणत्याही रसायनज्ञाला पटणार नाही. मेंडेलीव्हने क्रम गुणधर्मांवरून ठेवला आणि टेल्युरिअमचे वस्तुमान १२३ ते १२६ च्या दरम्यान निघेल असे सांगितले. पुन्हा पुन्हा मोजूनही ते निघाले नाही. पुढे १८९४ मध्ये आर्गॉन सापडला आणि तोही (३९.९) पोटॅशिअमपेक्षा (३९.१) जड निघाला. कोबाल्ट-निकेलचे तेच.

गाठ सोडवली मोझ्लीने, १९१३ मध्ये. प्रत्येक मूलद्रव्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता त्याने मोजली. तिचे वर्गमूळ मूलद्रव्यागणिक समान अंतराने वाढत जाते. आजच्या भाषेत, अणुअंकातून (सारणीतल्या क्रमांकातून, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनांच्या संख्येतून) १ वजा करून वर्ग करा आणि १०.२ ने गुणा, की ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळते. कोबाल्टसाठी २६ चा वर्ग ६७६, म्हणजे सुमारे ६,९००. निकेलसाठी २७ चा वर्ग ७२९, म्हणजे सुमारे ७,४४०. कोबाल्ट आधी, वाद संपला. ४३, ६१, ७२ आणि ७५ या जागा रिकाम्या आहेत हेही याच मोजणीतून स्पष्ट झाले.

वस्तुमान का फसवत होते, ते समस्थानिकांनी (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंनी) उलगडले. आयोडीन निसर्गात फक्त १२७ वस्तुमानांकाचे असते; टेल्युरिअममध्ये १२८ आणि १३० यांचा वाटा मोठा. हवेतला आर्गॉन जवळपास सगळा ४० चा, कारण तो खडकांतल्या पोटॅशिअम-४० च्या किरणोत्सारी ऱ्हासातून जमा झाला आहे.

लक्ष्मी रोडवर सराफाकडे सोन्याचा कस पाहणारे क्ष-किरण मशीन याच नियमावर चालते. तांब्याची रेषा ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, सोन्याची (वरचे सूत्र लागू न पडणाऱ्या, कमी ऊर्जेच्या मालिकेतली) ९.७ ला, चांदीची २२ ला. रेषांच्या तीव्रतेवरून टक्केवारी निघते. मात्र त्याला वरचे काही मायक्रॉनच दिसतात. जाड मुलामा असेल तर आत काय आहे ते कळत नाही. तिथे दागिना कापून किंवा वितळवूनच तपासावा लागतो.

रचनेबद्दल विद्यार्थी एका ठिकाणी हमखास अडतात. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात, मग तिसऱ्या आवर्तात ८ च मूलद्रव्ये का? पोटॅशिअमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिसरे कवच भरण्याआधीच चौथ्यात जातो म्हणून. उरलेल्या दहा जागा स्कँडिअमपासून जस्तापर्यंत (२१ ते ३०) भरतात, आणि ती दहा मूलद्रव्ये चौथ्या आवर्तात मोजली जातात. आवर्तांच्या लांब्या २, ८, ८, १८, १८, ३२, ३२, बेरीज ११८.

अप्पा बळवंत चौकातून भिंतीवरचा तक्ता घेताना शेवटची ओळ पाहावी. ११३, ११५, ११७ आणि ११८ ची नावे नोव्हेंबर २०१६ मध्ये पक्की झाली : नीहोनिअम, मॉस्कोव्हिअम, टेनेसाइन, ओगॅनेसॉन. तिथे तीन अक्षरी तात्पुरत्या संज्ञा असतील तर तक्ता जुना आहे. तिसऱ्या गणात यिट्रिअमखाली एखाद्या तक्त्यात लॅन्थॅनम दिसेल, एखाद्यात ल्युटेशिअम. ती छपाईची चूक नाही. रसायनज्ञांत त्यावर अजून एकमत नाही. ५७ ते ७१ असा एकत्र चौकोन दाखवणारा तक्ता शाळेसाठी पुरेसा आहे.