बीफ रोस्ट आतून कधी शिजतो?

ब्रिटनमध्ये रविवारच्या जेवणाला बीफ रोस्ट करताना एक जुना हिशोब सांगितला जातो: दर पाउंडाला, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला, २० मिनिटं आणि वर आणखी २० मिनिटं. लक्षात ठेवायला सोपा आहे, पण उष्णता वजनावर चालत नाही. तिला पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत जायचं असतं. दोन किलोचा लांबट तुकडा मधोमध कापून त्यातला अर्धाच भाजला, तरी वेळ जवळपास तेवढाच लागतो, कारण जाडी बदललेली नसते. उलट जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीवर थांबत नाही, चौपटीकडे झुकतो.

म्हणून माझा आग्रह एकाच वस्तूसाठी आहे: मांसात खुपसायचा थर्मामीटर. त्याचं टोक सगळ्यांत जाड भागाच्या मध्यभागी, हाडापासून दूर हवं. ५० अंश सेल्सिअसच्या सुमारास मायोसिन हे प्रथिन गोठू लागतं आणि लिबलिबीत मांसाला घट्टपणा येतो. ६० च्या पुढे स्नायूंच्या तंतूंभोवतीचं कोलॅजन हे चिवट प्रथिन आकसतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतं. त्याच सुमारास मायोग्लोबिन या रंगद्रव्याची लाली जाऊन मांस करडं-तपकिरी दिसू लागतं. (ताटात उतरणारा लालसर रस रक्त नसतो, या मायोग्लोबिनने रंगलेलं पाणी असतं.) ७० च्या आसपास अ‍ॅक्टिन हे प्रथिनही गोठतं, आणि मग रोस्ट कोरडा पडतो.

गुलाबी, रसदार रोस्ट आवडणारे ५५ ते ५७ अंशांवर थांबतात. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस मात्र ६३ अंश आणि त्यानंतर किमान ३ मिनिटं विसावा, अशी आहे. घरात गर्भवती, लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर ती पाळावीच. खिम्याला त्याहून जास्त, ७१ अंश सांगितले आहेत. अखंड तुकड्यावर जिवाणू मुख्यतः वरच्या बाजूला असतात, खिमा करताना ते आतवर मिसळतात.

हे आकडे पाठीच्या आणि बरगडीच्या तुकड्यांचे. छातीचे आणि खांद्याचे स्नायू जनावराचं वजन पेलत आयुष्यभर राबलेले असतात, त्यांत कोलॅजन भरपूर असतं. असा तुकडा ५७ अंशांवर काढला तर वातड लागणारच. त्याला झाकणाखाली, थोड्या पाण्यात, ८५ ते ९५ अंशांवर तीन-चार तास द्यावे लागतात. तेवढ्या वेळात कोलॅजनचं जिलेटिन होतं, पाय्याचं सूप गार झाल्यावर थिजतं तेही याच जिलेटिनमुळे. तंतूंमधलं पाणी तोवर बरंच गेलेलं असतं, तरी जिलेटिनमुळे घास मऊ आणि रसरशीत लागतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतला बीफ रोस्ट बहुधा याच पद्धतीने होतो: आलं, लसूण, मिरी आणि व्हिनेगर लावून मुरवलेला तुकडा जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर, किंवा सरळ कुकरमध्ये.

आता वरचा खरपूस थर. अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली जी अभिक्रिया तो रंग आणि वास देते, तिचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये केलं. ती झपाट्याने व्हायला साधारण १४० अंश लागतात. पृष्ठभाग ओला असेल तर पाणी उडून जाईपर्यंत तापमान १०० च्या वर फारसं जातच नाही. म्हणून तुकडा आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडा ठेवावा. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग तेच खारट पाणी मांसात परत मुरतं, आणि वरचा भाग सुकतो.

परतल्याने रस आत कोंडला जातो, ही समजूत १९व्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यामुळे पसरली आणि अजून टिकून आहे. तव्यावर तुकडा टाकल्यावर चर्र आवाज येतच राहतो, तो मांसातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो. परतायचं ते चवीसाठी.

गरम ओव्हनमधून काढल्यावरही गाभ्याचं तापमान आणखी चार-पाच अंश चढतं, तेव्हा हव्या त्या आकड्याच्या तेवढं आधीच बाहेर काढावं. १५-२० मिनिटं थांबून, तंतू कुठल्या दिशेने गेलेत ते पाहून, त्यांना आडवे पातळ काप करावेत. तंतू आखूड झाले की दातांना कमी चावावं लागतं.