परागज्वर, सोनोरन वाळवंटातील

वाऱ्याने पसरणाऱ्या परागकणांमुळे ठराविक ऋतूत नाक, डोळे व श्वसनमार्ग यांत उद्भवणारी ॲलर्जी. ॲरिझोनाचा दक्षिण व पश्चिम भाग, कॅलिफोर्नियाचा आग्नेय कोपरा आणि मेक्सिकोतील सोनोरा व बाहा कॅलिफोर्निया येथे पसरलेल्या सोनोरन वाळवंटात तिचे ऋतुमान समशीतोष्ण प्रदेशांपेक्षा वेगळे असते; त्यामुळे उपायांचे वेळापत्रकही बदलते. लक्षणे सर्वत्र सारखीच.

कोरड्या हवेच्या ओढीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून क्षयरोगी व दमेकरी ॲरिझोनात येऊ लागले. टूसॉन येथील ‘डेझर्ट सॅनॅटोरियम’ 1926 च्या सुमारास निघाले. वाळवंट मुळात निर्धोक होते, वसाहतवाल्यांनी लावलेल्या बागांनी ते बिघडवले, असा समज पुढे रूढ झाला. त्यात तथ्य आहे. फळांचे डाग पडू नयेत म्हणून रस्त्यांकडेला मुद्दाम नर तुती लावली गेली, आणि पराग सोडते ते हेच झाड. पांढऱ्या तुतीचे पुंकेसर ध्वनीच्या निम्म्याहून अधिक वेगाने पराग फेकतात, असे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसले. ऑलिव्हही शोभेसाठी असाच पसरला.

तरीही हा समज अपुरा वाटतो. वाळवंटाच्या उतारांवर सर्वत्र आढळणारे बर्सेज हे झुडूप (ॲम्ब्रोझिया डेल्टॉइडिया) अस्सल स्थानिक आहे. ते आधी फ्रान्सेरिया या प्रजातीत धरले जाई; वनस्पतिशास्त्रज्ञ पेन यांनी 1964 मध्ये ती प्रजाती ॲम्ब्रोझियात विलीन केली. म्हणजे पूर्व अमेरिकेत परागज्वरासाठी कुप्रसिद्ध असलेल्या रॅगवीड या तणाचे ते जवळचे नातलग होय. रॅगवीड उन्हाळ्याच्या अखेरीस फुलते, बर्सेज साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. रॅगवीडला कंटाळून पश्चिमेला आलेल्या रुग्णाला त्याच कुळाचे पराग येथे वसंतात भेटत. याउलट एप्रिलमध्ये फुलांनी गावे पिवळी करणाऱ्या पालो व्हर्दे या झाडावर विनाकारण ठपका येतो. त्याचे जड पराग मुख्यतः कीटक वाहतात.

गवतांत महत्त्वाची हरळी (सायनोडॉन डॅक्टिलॉन), म्हणजे गणपतीला वाहतात त्या दूर्वा. अमेरिकेत तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. तिच्या मूळस्थानाविषयी एकमत नाही. आफ्रिकेकडे अनेकांचा कल आहे. जगभर तण म्हणून पसरलेला प्रकार मात्र तुर्कस्तान ते सिंधू खोरे या पट्ट्यातला असावा, हे मत अधिक ग्राह्य दिसते. अमेरिकेतील आगमनाची तारीखही संशयास्पद आहे. जॉर्जियातील मळेवाले टॉमस स्पॉल्डिंग यांच्या रोजनिशीच्या आधारे गव्हर्नर हेन्री एलिस यांनी ती 1751 मध्ये जॉर्जियातील सव्हाना येथे आणली, असे सांगितले जाते; परंतु एलिस जॉर्जियात अधिकारावर आले ते 1757 मध्ये. त्याआधी ते गुलामवाहू जहाजाचे कप्तान होते, तेव्हा वर्ष खरे व पदवी नंतर चिकटलेली, अशी शक्यता राहते. चिकित्सेच्या दृष्टीने मुद्दा निराळा आहे. टिमथी, राय यांसारख्या उत्तरेकडील गवतांच्या परागांत असणारा ‘गट 5’ मधील प्रथिनांचा संच हरळीत नसतो. त्यामुळे त्या गवतांच्या परागांवर बेतलेली ॲलर्जीची लस येथे पुरी पडत नाही. हरळीच्या परागांची चाचणी व लसीसाठीचा अर्क स्वतंत्रपणे वापरावे लागतात. पाणी मिळत राहिले तर ती वसंतापासून शरदापर्यंत फुलते.

वर्षातून पावसाचे दोन हंगाम असल्याने परागांच्याही दोन लाटा येतात. हिवाळी पावसानंतर ॲश, तुती, बर्सेज व ऑलिव्ह. मॉन्सूननंतर (सरकारी व्याख्येनुसार 15 जून ते 30 सप्टेंबर) गवते, राजगिऱ्याच्या कुळातील तणे आणि 1870 च्या दशकात अळशीच्या बियाण्यातून अमेरिकेत आलेले रशियन थिसल हे तण. हिवाळा ज्युनिपर या सूचिपर्णी झाडाचा.

सार्वजनिक उपायांत लागवडबंदी येते. टूसॉनभोवतालच्या पिमा काउंटीत 1980 च्या दशकाच्या मध्यास ऑलिव्ह व नर तुती यांच्या विक्री-लागवडीवर निर्बंध आले. मोहावी वाळवंटातील लास व्हेगासच्या परिसरात 1991 मध्ये. रोख नव्या लागवडीवर होता, आणि जुनी झाडे दीर्घायुषी असतात. ‘स्वान हिल’ हा परागहीन ऑलिव्ह चालतो. बर्सेजला अर्थातच कायदा लागू करता येत नाही.

वैयक्तिक उपचारांत नाकात मारायचा स्टेरॉइड फवारा मुख्य. तो हंगामाच्या एक-दोन आठवडे आधी, म्हणजे येथे बहुधा जानेवारीअखेर सुरू करतात. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांसारखी ॲलर्जीविरोधी औषधे जोडीला. मिठाच्या पाण्याने नाक धुताना (जलनेतीचाच प्रकार) पाणी उकळून निववलेले वा ऊर्ध्वपातित हवे. कोमट गोड्या पाण्यात वाढणारा नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. विदर्भात परिचित असलेला डेझर्ट कूलर येथेही पुष्कळ घरांत असतो. तो बाहेरची हवा ओढतो, तिच्याबरोबर परागही. म्हणून वाऱ्याच्या दिवशी खिडक्या लावून आतलीच हवा फिरवणारा एसी बरा. 1911 मध्ये लंडनमध्ये डॉक्टर नून यांनी गवताच्या परागांवर सुरू केलेली लसचिकित्सा साधारण तीन ते पाच वर्षे चालते.

परागज्वरात, नाव काहीही असले तरी, ताप येत नाही. ताप व खोकला आठवडेच्या आठवडे रेंगाळला तर ॲरिझोनात कॉक्सिडिओइडिस या मातीतील बुरशीमुळे होणाऱ्या ‘व्हॅली फीव्हर’साठी रक्त तपासतात.