बांधावरच्या झाडांचं कार्बन क्रेडिट: सही करण्याआधी कोणते कागद जमवायचे?

"झाडं लावली की कार्बनचे पैसे मिळतात म्हणे, अर्ज कुठं करायचा?" चोपड्यापासून शहाद्यापर्यंत हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. झाडांनी हवेतून शोषून साठवलेल्या कार्बनचं विकता येणारं प्रमाणपत्र म्हणजे कार्बन क्रेडिट. यासाठी कृषी कार्यालयात छापील अर्ज मिळत नाही. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित केली आणि तिचा कारभार ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे दिला. पण गावात येऊन नाव नोंदवून घेते ती एखादी खासगी कंपनी, संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी. शेकडो जणांची वावरं एकत्र करून ती प्रकल्प तयार करते आणि 'व्हेरा'सारख्या आंतरराष्ट्रीय नोंदणी संस्थेकडे नोंदवते. म्हणजे तुमचा 'अर्ज' हा खरं तर करारनामा असतो.

मोजणी कशी होते ते आधी समजून घ्या. छातीच्या उंचीवर खोडाला टेप लावून घेर घेतात आणि त्यावरून झाडाचं सुकं वजन काढतात. त्या वजनात साधारण ४७ टक्के कार्बन असतो. त्याला ३.६७ नं गुणलं की कार्बन डायऑक्साइडचा आकडा मिळतो. २०० किलो सुक्या वजनाचं झाड धरलं तर साधारण ३४५ किलो. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे अशी तीन झाडं मिळून जेमतेम एक क्रेडिट! केरळातल्या रबराच्या बागेलाही हाच हिशेब लागतो. तिथं पंचवीस-तीस वर्षं चीक निघत राहतो आणि खोडात कार्बन साठत जातो. शेवटी लाकडाचं फर्निचर झालं तर तो टिकतो, जळण झालं तर हवेत जातो. आपल्या कमी पावसात रबर येणार नाही, पण साग, बांबू, आंबा, कडुनिंब आहेतच. रावेर-यावलची केळी मात्र यात धरत नाहीत, कारण तिला लाकूडच नाही.

पात्रतेत बहुतेक जण अडकतात ते एका ठिकाणी: आजोबांनी लावलेला आंबा चालत नाही. क्रेडिट नव्या लागवडीलाच मिळतं, आणि त्या जागेवरचं नैसर्गिक जंगल गेल्या दहा वर्षांत तोडलेलं नसावं लागतं.

कागदांत सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक, गटाचा नकाशा, रोपं घेतल्याची पावती आणि लागवडीआधीचा जागेचा फोटो ठेवा. सातबारा सामाईक असेल तर सगळ्या खातेदारांची लेखी संमती घ्या. आमच्या घरचंच सांगतो. चुलत्यांचं नाव उताऱ्यावर तसंच राहिलं होतं, वारसनोंद झालेली नव्हती, आणि तेवढ्यावर आमचा कागद परत आला. फेरफार करून घेण्यात एक हंगाम गेला. म्हणून वारसनोंद आधी करा, खड्डे नंतर खणा.

दुसरं काम आजच करता येईल. ई-पीक पाहणी ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. लागवडीच्या वर्षीच झाडांची संख्या टाका. झाडं केव्हाची, यावर पुढं वाद झाला तर ही नोंद तुमच्या बाजूनं बोलेल.

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, साक्री भागातल्या आदिवासी बांधवांनी विशेष जपावं. वनहक्क कायद्यानं मिळालेला पट्टा वारसाकडे जातो, पण तो हस्तांतरित करता येत नाही. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला भाडेपट्ट्यानं द्यायलाही महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. करारात 'भाडेपट्टा' हा शब्द दिसला तर सही थांबवा आणि नंदुरबार, तळोदा किंवा (साक्रीकरांनी) धुळ्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात लेखी विचारा.

करार मराठीतच मागा. मुदत किती ते पाहा. वीस ते चाळीस वर्षांचं बंधन असू शकतं, म्हणजे तुमच्या मुलालाही ते पाळावं लागेल. क्रेडिट विकल्यावर तुमचा वाटा किती टक्के, झाडं दुष्काळात वाळली तर जबाबदारी कुणाची, आंतरपीक आणि फळं कुणाची, हे लिहून घ्या. साग तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागतेच, करारानं ती सुटत नाही. पैसे पडताळणी झाल्यावरच येतात आणि ती काही वर्षांच्या अंतरानं होते. नोंदणीसाठी कुणी तुमच्याकडूनच फी मागत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका.

मोजणीला माणूस येईल त्या दिवशी स्वतः बांधावर हजर राहा. टेप कुठं लावतो ते पाहा आणि प्रत्येक झाडाचा घेर आपल्या वहीत तारखेसह लिहून त्याखाली त्याची सही घ्या.