कोविड साथीतील शिधावाटप

कोविड-19 च्या साथीत भारतात सार्वजनिक वितरण व्यवस्थेमार्फत झालेले धान्यवाटप. 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि दुसऱ्याच दिवशी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजना जाहीर केली. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, 2013 नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो आणि अंत्योदय (अतिगरीब) कुटुंबाला एकूण 35 किलो धान्य मिळत होते. दर गव्हाला 2 रुपये, तांदळाला 3 रुपये किलो. त्यावर माणशी 5 किलो मोफत धान्य आणि कुटुंबामागे 1 किलो डाळ अशी भर घालण्यात आली. लाभार्थी सुमारे 80 कोटी.

इतक्या घाईत हे जमले, कारण धान्य, याद्या आणि रास्त भाव दुकाने तिन्ही आधीपासून होती. एप्रिल 2020 च्या सुरुवातीला केंद्रीय साठ्यात साडेपाच कोटी टनांहून अधिक गहू-तांदूळ होता. राखीव साठ्याच्या निकषाच्या दुपटीहून जास्त. डाळीचे तसे नव्हते. नाफेड या शेतमाल खरेदी करणाऱ्या राष्ट्रीय सहकारी महासंघाकडची अख्खी कडधान्ये आधी गिरण्यांत भरडून घ्यावी लागली, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी धान्य आले तरी डाळ मागे राहिली.

खरा पेच दुकानाच्या दारात होता. ठशावरून लाभार्थ्याची ओळख पटवणाऱ्या ई-पॉस यंत्रावर प्रत्येकाचा अंगठा घेणे म्हणजे संसर्गाला वाट करून देणे. महाराष्ट्रात लाभार्थ्याऐवजी दुकानदाराच्याच अधिप्रमाणनावर (त्याच्याच ठशाने ओळख पटवून) धान्य देण्याची मुभा देण्यात आली. यात गैरव्यवहाराची भीती होतीच. पण बोटांचे ठसे झिजल्याने एरवी अडवले जाणारे वृद्ध आणि अंगमेहनत करणारे यांच्यापुढचा एक अडसर त्या काळात दूर झाला. साथीनंतरच्या चर्चेत या अनुभवाला हवे तेवढे महत्त्व मिळालेले नाही.

यादीबाहेरच्यांचे हाल मात्र मोठे होते. स्थलांतरित मजुरांची शिधापत्रिका गावी आणि काम शहरात. अनेकांकडे ती नव्हतीच. मे 2020 मध्ये केंद्राने अशा 8 कोटी लोकांसाठी शिधापत्रिकेची अट न घालता दोन महिने माणशी 5 किलो धान्य जाहीर केले. तोवर हजारो कुटुंबे पायी गावाकडे निघाली होती. प्रत्यक्ष वाटप या उद्दिष्टाच्या बरेच मागे पडले. मदत जाहीर व्हायला लागलेले हे सात आठवडे या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत गंभीर उणीव मानावी लागेल. 29 जून 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही देशात कुठल्याही रास्त भाव दुकानातून शिधा घेऊ देणारी योजना 31 जुलैपर्यंत सर्व राज्यांत लागू करण्याचा आदेश दिला. ती लागू करणारे शेवटचे राज्य आसाम, जून 2022 मध्ये.

महाराष्ट्राने कायद्याच्या लाभात न बसणाऱ्या केशरी शिधापत्रिकाधारकांना मे आणि जून 2020 मध्ये गहू 8 रुपये व तांदूळ 12 रुपये किलोने दिला. राज्य सरकारच्या स्वस्त जेवणाच्या शिवभोजन थाळीचा दर 10 रुपयांवरून 5 रुपयांवर आला आणि एप्रिल 2021 च्या निर्बंधांत ती मोफत झाली. शाळा बंद असल्याने मध्यान्ह भोजनाऐवजी मुलांना कोरडा शिधा देण्यात आला.

अतिरिक्त मोफत धान्य नोव्हेंबर 2020 नंतर थांबले, दुसऱ्या लाटेत मे 2021 पासून पुन्हा सुरू झाले आणि डिसेंबर 2022 मध्ये संपले. जानेवारी 2023 पासून कायद्याखालचेच धान्य मोफत झाले. लाभार्थ्यांचे पैसे वाचले, पण प्राधान्य कुटुंबाचा माणशी 10 किलोचा शिधा पुन्हा 5 किलोवर आला. लाभार्थ्यांची कमाल संख्या अजूनही 2011 च्या जनगणनेवरच ठरलेली आहे.