बी.ए.साठी आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणारे अर्थसाहाय्य : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

भामरागड, एटापल्ली, सिरोंचा किंवा मेळघाटातील धारणी-चिखलदरा भागातून कला शाखेच्या पदवीला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा मोठा खर्च सहसा महाविद्यालयाच्या शुल्कावर होत नाही. अनुदानित महाविद्यालयातील बी.ए.चे शुल्क तुलनेने कमी असते. खरा भार गडचिरोली, अमरावती किंवा नागपूरला राहण्याचा आणि दोन वेळच्या जेवणाचा असतो. तरीही घरोघरी चर्चा होते ती फक्त शिष्यवृत्तीची, आणि वसतिगृहाच्या अर्जाची मुदत त्यातच निघून जाते. म्हणून प्रवेश घेतल्याबरोबर, किंबहुना त्याआधीपासूनच, शुल्क आणि राहण्याचा खर्च या दोन गोष्टींचा वेगवेगळा विचार करावा.

शुल्कासाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत असल्यास या योजनेत शुल्कासह निर्वाह भत्ता मिळतो. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास निर्वाह भत्ता मिळत नाही, मात्र शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या प्रतिपूर्तीसाठी अर्ज करता येतो. दोन्ही अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर भरले जातात.

राहण्यासाठी आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत आणि तेथे प्रवेश गुणवत्तेनुसार होतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. या योजनेखाली भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता मिळून वर्षाला नागपूरसारख्या शहरात ६०,००० रुपये, अमरावतीसारख्या विभागीय मुख्यालयाच्या शहरात ५१,००० रुपये आणि इतर जिल्हा मुख्यालयी ४३,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. नागपूरच्या ६०,००० रुपयांत ३२,००० भोजनाचे, २०,००० निवासाचे आणि ८,००० निर्वाहाचे असतात. महिन्यावर मोजले, तर ही रक्कम काटकसरीनेच पुरते. उत्पन्नाची २.५ लाखांची अट येथेही आहे, आणि ज्या शहरात महाविद्यालय आहे तेथील रहिवासी विद्यार्थ्याला हा लाभ मिळत नाही. अनुसूचित जातीसाठी स्वाधार आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर चालतात. त्यांची चौकशी संबंधित विभागाच्या जिल्हा कार्यालयात करावी.

कागदपत्रांपैकी जातीच्या दाखल्याला सर्वाधिक वेळ लागतो. तो उपविभागीय अधिकारी देतात आणि अनुसूचित जमातीच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबा-पणजोबा शाळेत गेलेच नसतील, तर शाळेचा दाखल-खारीज उतारा (शाळेच्या प्रवेश नोंदवहीची नक्कल) मिळणार नाही, हे दुर्गम गावांत नेहमीचेच आहे. अशा वेळी कोतवाल पंजीतील म्हणजे गावच्या जुन्या नोंदवहीतील जन्म-मृत्यूची नोंद, जुन्या बंदोबस्ताचे (जमीन महसूल आकारणीचे) अधिकार अभिलेख किंवा महसूल दप्तरातील इतर नोंदी शोधाव्या लागतात, आणि जुन्या मध्य प्रांताच्या काळातील कागद अनेकदा हिंदीत असतात. दाखल्यावरचे नाव, आडनाव आणि जमातीचा उल्लेख शाळेच्या टीसीशी जुळतो का, हे आधीच तपासून घ्यावे. एका अक्षराच्या फरकामुळेही अर्ज परत येऊ शकतो. बारावीचा निकाल लागेपर्यंत हे काम टाळणे परवडणारे नाही.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तो आपले सरकार सेवा केंद्रातून काढता येतो. अर्जाची पावती न विसरता घ्यावी, कारण विलंब झाल्यास लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अपील करण्यास तीच आधार ठरते. याशिवाय दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, शिधापत्रिका, प्रवेशाची पावती आणि शिक्षणात खंड पडला असल्यास त्याबाबतचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. चित्रकलेच्या पदवीला म्हणजे बीएफएला जाणाऱ्यांनी सामाईक प्रवेश परीक्षेसोबत जात वैधता प्रमाणपत्राचीही तयारी ठेवावी, कारण राखीव जागेसाठी ते लागते.

बँक खाते आधारशी केवळ जोडलेले असणे पुरेसे नाही. थेट लाभ हस्तांतरणासाठी ते एनपीसीआय या बँक-व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या नोंदीत सक्रिय असावे लागते. पासबुकावरून हे कळत नाही, म्हणून बँकेत तसे स्पष्ट विचारावे. मोबाईल क्रमांकही आधारला जोडलेला हवा, कारण महाडीबीटीची नोंदणी ओटीपीवर चालते.

अर्ज भरल्यावर तो आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे आणि नंतर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे जातो. अशी कार्यालये गडचिरोली, अहेरी, भामरागड, धारणी, चिमूर, देवरी, पांढरकवडा येथे आहेत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड बेटासारखे तुटून पडते, आणि प्रवेशाचे दिवसही नेमके तेच. त्यामुळे मूळ कागदांच्या स्पष्ट स्कॅन प्रती पावसाआधीच मोबाईलमध्ये आणि सोबतच्या एखाद्या ईमेल खात्यात साठवून ठेवाव्यात.

अर्जात त्रुटी निघाल्यास तो विद्यार्थ्याच्या लॉगिनवर परत पाठवला जातो आणि दुरुस्तीची मुदत कमी असते, म्हणून किमान आठवड्यातून एकदा लॉगिन करून अर्जाची स्थिती पाहावी. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज नव्याने भरावा लागतो; मागील वर्षाची गुणपत्रिका आणि उत्पन्नाच्या दाखल्याची वैधता त्या वेळी पुन्हा तपासली जाते.